पेठांमधली देवळं, दुखणारे गुडघे, आणि रस्त्यावरून घेतलेलं दर्शन

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. माझी आत्या पुढच्या महिन्यात मिरजेहून आमच्याकडे कोथरूडला येणारे. वय 76, दोन्ही गुडघे गेलेले, काठी घेऊन चालते, पण मनात आणलं की कुणाच्या बापाला ऐकत नाही. लग्नाआधी ती शनिवार पेठेत राहायची. तिला कसबा गणपती, तांबडी जोगेश्वरी, दगडूशेठ आणि तुळशीबागेतला राम एवढं सगळं एका दिवसात करायचंय. तिच्या लग्नाची पहिली पत्रिका कसब्याच्या गणपतीपुढे ठेवली होती, त्यामुळे ते एक देऊळ तर काही झालं तरी सोडणार नाही म्हणते.
मी तिला फोनवर म्हटलं की दगडूशेठला आत कशाला जायचं, शिवाजी रस्त्यावरून मूर्ती स्वच्छ दिसते, रिक्षा मिनिटभर बाजूला घेऊ, तू बसल्या जागी हात जोड. तर भडकलीच. "मी काय रिक्षातनं देव बघायला मिरजेहून यायचं होय?" म्हणाली आणि फोन आईकडे दिला.
तर दोन गोष्टी विचारायच्यात. एक म्हणजे पेठांमधल्या आजच्या गर्दीत अशा माणसाला कसं न्यावं, कुठून सुरुवात करावी. आणि दुसरं, तुम्हाला काय वाटतं, रस्त्यावरून घेतलेलं दर्शन हे दर्शन धरावं का?

चाफेकळी
मेट्रोने जा, डोळे झाकून. 2024 च्या सप्टेंबरमध्ये स्वारगेटपर्यंतचा भुयारी मार्ग सुरू झाला तेव्हापासून आमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं गावात जाणं परत सुरू झालंय. कोथरूडहून वनाझ-रामवाडी लाईन पकडायची, सिव्हिल कोर्टला उतरून स्वारगेटकडची गाडी घ्यायची. कसबा पेठ स्टेशनला उतरलात की कसबा गणपती जवळ. मग रिक्षाने जोगेश्वरी, दगडूशेठ, तिथून तुळशीबाग, आणि परत येताना मंडई स्टेशनवरून बसायचं म्हणजे उलटं चालावं लागत नाही.
फक्त सिव्हिल कोर्टला बदलताना घाई करू नका. वरची लाईन पुलावर आणि खालची जमिनीखाली साधारण 33 मीटर आहे, सरकत्या जिन्यांचे टप्पेच्या टप्पे लागतात आणि काठीवाल्या माणसाला त्यावर पाय टाकताना भीती वाटते. लिफ्ट शोधा, पाच मिनिटं जास्त गेली तरी चालतील.

बंड्या_शुक्रवारातला
मंगळवार नको. संकष्टी नको. अंगारकीला तर घरातच गणपतीला जास्वंद वाहा.

अप्पा_चौकातले
दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो कारण हा माझ्या रोजच्या रस्त्यावरचा विषय आहे. ऑफिसला जाताना मी दगडूशेठसमोरून जातो. हेल्मेटची काच वर करून, एक पाय रस्त्याला टेकवून, उजवा हात आधी कपाळाला आणि मग छातीला लावणारी माणसं मी रोज बघतो, आणि मी त्यातलाच एक. पीएमपीच्या बसमधली अर्धी बस डावीकडे वाकते. कंडक्टर तिकीट फाडता फाडता नमस्कार करतो. ही सगळी माणसं आत जायला निघाली तर कुणीच कामावर पोचणार नाही. आणि मूर्ती तरी केवढी, साडेसात फूट उंच, दर्शनी भाग असा की समोरच्या फुटपाथवरून डोळे दिसतात. बाजाराच्या गर्दीतल्या, कामाला निघालेल्या माणसाला दिसावा म्हणूनच तो तिथे तसा बसलाय असं मी मानतो. त्यामुळे माझ्या मते दर्शन पूर्ण, शंभर टक्के.

निशिगंध
अप्पाकाका, आदर आहे पण नाही पटलं. चालत्या गाडीवरून केलेला नमस्कार ही सवय झाली, चांगली सवय, पण दर्शन वेगळं. दर्शनाला जाणं म्हणजे घरून त्यासाठी निघणं, चपला काढणं, रांगेत पुढच्या बाईच्या कडेवरच्या बाळाने आपले केस ओढणं, आणि मग समोर आल्यावर जे काही मागायचं ठरवलेलं असतं ते ऐन वेळी न आठवणं. हे सगळं रिक्षात होत नाही. आत्यांचं बरोबर आहे, त्यांना आतच न्या.
शिवाय गाड्या मध्येच थांबल्याने मागे किती खोळंबा होतो ते मागच्यालाच कळतं. ॲम्ब्युलन्स अडकलेली पाहिलीये मी तिथे.

अप्पा_चौकातले
@निशिगंध, गाडी मध्येच थांबवू नये हे एकदम मान्य. मी सिग्नलच्या लाल दिव्यात उरकतो.

मोगरा_वेणी
रस्ता की देऊळ असा वाद घालण्याआधी ऋषिपंचमीची पहाट आठवा. गणपती बसला की दुसऱ्या दिवशी पहाटे दगडूशेठच्या उत्सव मंडपासमोर हजारो बायका अथर्वशीर्ष म्हणायला बसतात, कुठे? डांबरी रस्त्यावर! मी सासूबाईंबरोबर जाते. अंधारातच निघतो, नऊवारी नाहीतर काठापदराची साडी, हातात छोटं आसन. आमच्या पुढे मागे जिथवर नजर जाईल तिथवर बायकाच बायका, बऱ्याच जणींना मूर्ती दिसतसुद्धा नाही, फक्त लाऊडस्पीकरवरून आवाज येतो. पण सुरुवातीचा ओंकार सुरू झाला की अंगावर काटा येतो. त्या दोन तासांत तो रस्ताच देऊळ असतो आणि त्यात दर्शन झालं नाही असं मला कुणी म्हणून दाखवावं.

निशिगंध
@मोगरा_वेणी, अगं पण तुम्ही तिथे अंधारात उठून, बसून म्हणताय. मी तेच म्हणतेय की! बसणं महत्त्वाचं.

सोमवारपेठी
धागाकर्ते, यादीत एक नाव घाला, त्रिशुंड गणपती, सोमवार पेठ. गर्दीचा प्रश्नच नाही, कित्येकदा तुम्ही आणि पुजारी एवढेच असता. भीमगिरजी गोसावींनी 1754 मध्ये बांधायला घेतलेलं देऊळ, अख्खा दर्शनी भाग काळ्या दगडात कोरलेला, द्वारपाल, हत्ती, पोपट, आणि एका पट्टीत चक्क साखळदंडाने बांधलेला गेंडा आणि बाजूला बंदूकवाले शिपाई. पुण्यात बसलेल्या कारागिराने गेंडा कोरलाय! मूर्तीही वेगळी, तीन सोंडा, सहा हात आणि मोरावर बसलेली. आत भिंतीवर संस्कृत शिलालेखांबरोबर फारसी शिलालेखसुद्धा आहे. खाली तळघरात समाधी आहे, तिथे पाणी असतं, ते उपसून गुरुपौर्णिमेला दर्शनासाठी उघडतात.
लोक राजस्थानात जाऊन कोरीव काम बघतात आणि नागेश्वराच्या शेजारचं हे बघत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं. आमच्या पेठेत या, दाखवायला मी येतो.

चाफेकळी
@सोमवारपेठी, दादा, पण पायऱ्या? आत्यांचे गुडघे लक्षात घ्या. त्रिशुंडचं जोतं चांगलंच उंच आहे.

सोमवारपेठी
हो, पायऱ्या आहेत. पण सगळं कोरीवकाम बाहेरच्या अंगाला आहे, खाली खुर्ची टाकून बसलं तरी निम्म्याहून जास्त दिसतं. खुर्ची मी आणतो.

ऑरेंजसिटी
नागपूरकरांकडून हजेरी. आमचा टेकडी गणपती रेल्वे स्टेशनच्या अगदी जवळ, समोर सतत रहदारी. गाडी लेट असली की सामानासकट दर्शनाला येणारे कितीतरी. परीक्षेच्या दिवसांत पोट्टे हॉल तिकीट घेऊन उभे राह्यतात. शहराच्या मधोमध देव असला की असंच होतं, लोक त्याला कामाच्या वाटेवरच भेटतात. माझं मत अप्पांकडे.

भीमथडी
बराच वेळ वाचत होतो, लिहू की नको असं चाललं होतं. लिहितोच.
"बाहेरून दर्शन पुरतं" हे वाक्य ज्याला आत जाता येतं त्याने म्हणणं वेगळं आणि ज्याला आत येऊ दिलं नाही त्याला ऐकवणं वेगळं. याच पुण्यात 1929 मध्ये पर्वतीच्या देवळात जायला मिळावं म्हणून सत्याग्रह झाला. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज, त्यांच्याबरोबर एस. एम. जोशींसारखे तरुण. त्यांच्यावर दगड पडले. पुढच्या वर्षी बाबासाहेबांनी नाशिकला काळारामाचा सत्याग्रह उभा केला, तो पाच वर्षं चालला. पंढरपूरला विठ्ठलाचं दार उघडावं म्हणून साने गुरुजींना 1947 साली उपोषणाला बसावं लागलं. आणि चोखोबांची समाधी कुठे आहे तर नामदेव पायरीसमोर, देवळाबाहेर. शतकानुशतकं आमच्या माणसांना हेच सांगितलं की कळस बघा, देव पावतो.
माझे आजोबा मंडईत हमाली करायचे. तुळशीबागेच्या भिंतीला लागून रोज जायचे, आत गेले ते फार उशिरा, आणि तेही माझ्या वडिलांनी हाताला धरून नेलं तेव्हा. मी स्वतः देव फारसा मानत नाही. पण आत जाण्याची किंमत मला माहितीये. म्हणून कृष्णाकाठ, तुमच्या आत्यांना जिथपर्यंत जाता येतं तिथपर्यंत घेऊन जा. रिक्षातून नको.

निशिगंध
@भीमथडी, लिहिलंत ते फार बरं केलंत.

अप्पा_चौकातले
@भीमथडी, तुमचा मुद्दा मोठा आहे आणि त्यावर वाद नाही. दार सगळ्यांना उघडं असलंच पाहिजे, आणि ते उघडायला कुणाला दगड खावे लागले हे पेठांत राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं, शाळेत आम्हाला कुणी सांगितलं नाही. माझं म्हणणं एवढंच की दार उघडं असताना एखादा स्वतःहून रस्त्यावरून हात जोडत असेल तर त्याच्या भक्तीला कमी लेखू नये. सक्तीने बाहेर उभं राहणं आणि आपणहून उभं राहणं, यात फरक आहे ना?

भीमथडी
आहे. आपणहून असेल तर माझं काहीच म्हणणं नाही.

मंडईचा_जावई
विषय थोडा हलका करतो. तुळशीबागेच्या रामाबद्दल कुणीच काही लिहिलं नाही, तर मी लिहितो कारण तिथे माझा बराच संसार गेलाय. बायको बाहेर बांगड्या, क्लिपा, भातुकली, ड्रेस मटेरियल बघत असते आणि मी पिशव्या सांभाळत सभामंडपात. एकटा नसतो! आठवड्याची सुट्टी असली की तिथे माझ्यासारखे नवरे खांबाला टेकून ओळीने बसलेले असतात. एकमेकांशी ओळख होते, मुलांच्या शाळा, गावाकडचा पाऊस, सगळं बोलून होतं. एकाशी तर आता घरोबा झालाय.
पण खरंच सांगतो, त्या देवळासारखी जागा गावात नाही. बाहेर खांद्याला खांदा लागतोय, "ताई या, बघायला पैसे नाहीत" चाललंय, आणि त्या बोळातून दरवाजातून आत आलं की मोठं अंगण, लाकडी सभामंडप, समोर राम-लक्ष्मण-सीता, हात जोडून उभा मारुती. नारो आप्पाजी खिरे म्हणजे तुळशीबागवाले यांनी 1761 मध्ये काम सुरू केलं, म्हणजे पानिपताचंच वर्ष. एवढा मोठा घाव बसलेला असताना या शहराने रामाचं देऊळ बांधायला घेतलं, हे आठवलं की मला त्या माणसांबद्दल फार वाटतं. शिखर सुमारे 140 फुटांचं, पण आता आजूबाजूला इतकी दुकानं की ते बघायला अंगणात येऊन मान वर करावी लागते.
कृष्णाकाठ, आत्यांना इथे शेवटी आणा. बसायला जागा भरपूर.

बंड्या_शुक्रवारातला
आणि त्यानंतर श्रीकृष्ण भुवनची मिसळ. हे तीर्थप्रसादातच धरावं.

मोगरा_वेणी
76 वर्षांच्या बाईला मिसळ रे? 😄

बंड्या_शुक्रवारातला
शनिवार पेठेत वाढलेल्या आहेत त्या. विचारून बघा आधी.

कोथरूडची_लेक
चपलांचं कुणी बोललं नाही. गर्दीच्या देवळात जुन्या चपला घालून जा, आणि हार जिथे घ्याल तिथेच ठेवा, तो फुलवाला जपतो. काठी टेकत चालणाऱ्यांना अनवाणी फरशीवर घसरायची भीती असते, सकाळी देऊळ धुतलेलं असतं तेव्हा तर फारच. आम्ही आईला जाड सुती मोजे घालून न्यायचो तर ते ओले होऊन अजून घसरायला लागले. अनवाणीच बरं, फक्त कुणीतरी दंडाला धरून राहायचं. आणि हार-नारळाचं ताट आपल्या हातात ठेवायचं, त्यांच्या नाही, दोन्ही हात मोकळे पाहिजेत.
एका देवळात (नाव नको) आईला रांगेतून "चला पुढे चला पुढे" करून असं ढकललं होतं की ती रडवेली झाली. त्यामुळे आत शिरायच्या आधीच सेवेकऱ्याला शांतपणे सांगा की सावकाश चालणारं माणूस आहे. बहुतेक ठिकाणी बाजूने सोडतात.

साउथब्रिज
सिंगापूरहून. इथलं सगळ्यात जुनं हिंदू देऊळ म्हणजे श्री मरिअम्मन, 1827 मधलं, आणि ते आहे चायनाटाऊनच्या ऐन मध्यात, साउथ ब्रिज रोडवर. जवळच जमाय मशीद, आजूबाजूला चिनी दुकानं, टुरिस्ट बसेस, आणि ऑफिसच्या इमारती चालत अंतरावर. गोपुरावरून शेजारच्या गल्लीचं नाव पॅगोडा स्ट्रीट पडलंय. मी नवीन आले तेव्हा तमिळ एक अक्षर येत नव्हतं, ऑफिसच्या लंच टाइममध्ये बूट काढून आत जाऊन बसायचे. मंत्र ओळखीचे वाटायचे, कापराचा वास ओळखीचा, बास, तेवढ्यावर ते पहिले महिने निघाले. म्हणून मी निशिगंधच्या बाजूने, आत जाऊन बसण्याला पर्याय नाही. तुम्हा पुणेकरांना हाकेच्या अंतरावर एवढी देवळं आहेत, जा हो आत.

जुनी_पोथी
जोगेश्वरीबद्दल थोडं. कसबा गणपती हे ग्रामदैवत आणि जोगेश्वरी ही ग्रामदेवता, म्हणून मानाच्या गणपतींमध्येही पहिला कसबा आणि दुसरा तांबडी जोगेश्वरी. आत्यांना हा क्रम नक्की पाठ असणार, त्यामुळे आधी दगडूशेठ नंतर कसबा असं काही करू नका, ऐकावं लागेल. नवरात्रात मात्र जोगेश्वरीला वयस्कर माणसाला नेऊ नये, बोळ अरुंद आणि बायकांची रांग थेट अप्पा बळवंत चौकाकडे गेलेली असते. एरवी साध्या दिवशी सकाळी अगदी निवांत, ओटी भरायला वेळ मिळतो. देवीसमोर उभं राहिलं की बाहेरची पुस्तकांची दुकानं, हॉर्न, सगळं विसरायला होतं.

कृष्णाकाठ
मंडळी, जाऊन आलो! साधा बुधवार धरला, सकाळी लवकर निघालो. मेट्रोचा सल्ला देणाऱ्या चाफेकळीताईंचे आभार, सिव्हिल कोर्टला लिफ्टच घेतली. नदीखालून गाडी गेली हे सांगितल्यावर आत्याने खिडकीकडे बघून "मुठेला नमस्कार कर" म्हणून मलाच हात जोडायला लावले.
कसब्याला तिने शेंदराच्या मूर्तीकडे बघत बराच वेळ काहीतरी पुटपुटलं, काय ते विचारलं नाही. जोगेश्वरीला ओटी भरली. दगडूशेठला दारावरच्या माणसाला कोथरूडच्या लेकीने सांगितलं तसं आधीच सांगितलं, त्याने बाजूने सोडलं, "आजी सावकाश" म्हणत होता. समोर उभं राहून तिने अख्खं अथर्वशीर्ष मनात म्हटलं, फलश्रुतीसकट, तोवर मागचे लोक बाजूने पुढे गेले, कुणी कुरकुर केली नाही.
तुळशीबागेत मात्र ती आधी देवळात न जाता भांड्यांच्या दुकानात शिरली आणि तांब्याच्या पळी-पंचपात्राचा भाव करायला लागली. दुकानदार घामाघूम झाला, शेवटी तिने सांगितलेल्या भावाला दिलं त्याने. मग देवळात खांबाला टेकून पाय पसरून बसली. तिथे मी तिला भीमथडींनी लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली की ती लहान असताना मंडईतून त्यांच्या वाड्यात भाजी आणणाऱ्या बाईला ओट्याच्या खालीच थांबवत, पाणी वरून ओतत. "आम्ही पोरी बघत होतो, कुणी काही बोललो नाही" एवढंच म्हणाली आणि मग "त्या मुलाला सांग, बरं लिहिलंय." तर भीमथडी, निरोप पोचवतोय.
त्रिशुंड राहिलं. पुढच्या खेपेला खुर्चीसकट सोमवारपेठी दादांना त्रास देणार.

भीमथडी
आत्यांना माझा नमस्कार सांगा. आणि पुढच्या वेळी गंज पेठेतल्या फुले वाड्यात पण आणा. 1868 मध्ये जोतीरावांनी घरचा हौद सगळ्यांना पाण्यासाठी खुला केला, तो बघायला मिळेल. मी येईन बरोबर.

बंड्या_शुक्रवारातला
मिसळ?

कृष्णाकाठ
खाल्ली. वर तर्री मागून घेतली.

नवीन_सदस्य_12
धागा वाचून हिंमत आली. माझे वडील व्हीलचेअरवर असतात, पॅरालिसिसनंतर. त्यांना फक्त कसबा गणपतीला जायचंय. जमेल का? मेट्रो स्टेशनपासून व्हीलचेअर ढकलत नेता येईल का?

सोमवारपेठी
जमेल. स्टेशनच्या लिफ्टमधून वर येता येतं, पुढचा रस्ता थोडा खडबडीत आहे आणि दुकानांसमोर गाड्या लागल्या की फुटपाथवरून खुर्ची जात नाही, म्हणून सकाळी आठच्या आत या. देवळाच्या दाराशी खुर्ची उचलायला दोन माणसं लागतील. एक मी. दुसरं कोण येतंय बोला.

भीमथडी
मी. रविवार सोडून कुठलाही दिवस सांगा.